उपचारांची गरज नाही

‘कॅन्सर आहे, पण उपचारांची गरज नाही,’ असा अहवाल हातात पडल्यावर कोष्टीकाका थेट समोरच्या दुकानातून पेढे घेऊन आले. सगळेच आणायचे. एमआरआय विभागातल्या निलोफरचा आजचा हा पाचवा पेढा. नको म्हणायचंही तिनं आता सोडून दिलं होतं.

“प्रोस्टेटची गाठ म्हटल्यावर आठवडाभर जेवण गेलं नाही, ताई. ऑपरेशन नाही ना नक्की?”

“नाही काका. फार हळू वाढतेय. त्रास द्यायला तिला सहा वर्षं लागतील.”

ते खरंच होतं. नवं मशीन गाठीबरोबर बाकीचं शरीरही मोजायचं, आणि गाठीच्या आधी माणूसच संपणार असेल तर उपचार नको म्हणायचं. ती दुसरी तारीख, माणूस संपण्याची, फक्त निलोफरच्या पडद्यावर यायची. पेशंटला सांगायची नाही, असा नियम होता. कोष्टीकाकांचं हृदय पुढच्या मार्चपर्यंत चालणार होतं.

“मग सहा वर्षांनी येतो. तुम्ही असाल ना इथंच? ओळखीचं माणूस असलं की बरं वाटतं.”

“मी असेन, काका,” निलोफर म्हणाली आणि तिनं पेढा तोंडात टाकला.