खालचा हत्ती

पातं पुन्हा तुटलं. ताडकन आवाज झाला आणि स्क्रोल सॉ, म्हणजे नक्षी कापायचं करवतयंत्र, नुसतंच थरथरत राहिलं. ड्रायव्हरने यंत्र बंद केलं.

“वळणावर बसही अशीच रेटता का हो, ड्रायव्हरसाहेब?” मास्तरांनी विचारलं. “उतारू उड्या मारून पळतील!”

वर्गातले दोघं-तिघं हसले. ड्रायव्हरला हसू आलं नाही, रागही आला नाही. मागच्या वर्षी धाकटी मुलगी तापाने गेली, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. तो बस वेळेवर न्यायचा, वेळेवर आणायचा, पानात पडेल ते खायचा. रडला तर तो तेव्हाही नव्हता. शेवटी त्याच्या बहिणीनेच त्याचं नाव या सुतारकामाच्या वर्गात घातलं. “रविवारभर भिंतीकडे बघत बसतोस, त्यापेक्षा लाकूड तरी काप,” म्हणाली. बायको नर्स, रविवारी तिची ड्यूटी. म्हणून थोरलीही सोबत यायची आणि खिडकीपाशी स्टुलावर पाय हलवत बसायची. थोरली-धाकटी आपलं म्हणायला. दोघी जुळ्या होत्या.

“लाकूड ढकलायचं नाही,” दोऱ्याएवढं बारीक नवं पातं लावत मास्तर म्हणाले. “पातं आपल्या चालीने कापतं. आपण फक्त लाकूड फिरवायचं. आणि आधी एकच फळी घ्या बघू. हे दोन-दोनचं खूळ सोडा.”

खूळ खरं तर मास्तरांनीच डोक्यात भरवलं होतं. पातळ प्लायवूडचे दोन तुकडे टेपने एकमेकांवर चिकटवायचे, वर चित्र डकवायचं, की एका कापात दोन वस्तू निघतात, असं त्यांनी एकदा सहज दाखवलं. ड्रायव्हरने तेवढंच धरून ठेवलं. तो हत्ती कापायचा आणि दरवेळी दोन कापायचा. पण शिकाऊ हाताने लाकूड रेटलं की पातं वाकतं. वर ते रेषेवर दिसतं, खाली भलतीकडेच गेलेलं असतं. त्यामुळे वरचा हत्ती बरा निघायचा आणि खालच्याची सोंड तरी बारीक व्हायची, नाहीतर पाय तिरका. बरा हत्ती घरी धाकटीच्या कप्प्यात जायचा. खालचा थोरलीला मिळायचा.

“छान आहे,” ती म्हणायची आणि दप्तराच्या तळाशी टाकून द्यायची. हल्ली ती घरात पाहुण्यासारखी वागायची. मागितल्याशिवाय काही घ्यायची नाही, विचारल्याशिवाय बोलायची नाही. ड्रायव्हरला ते दिसत होतं, पण काय करावं ते सुचत नव्हतं. दोन्ही हत्ती तंतोतंत सारखे निघाले, की बरा हत्ती तिच्याही हातात देता येईल आणि पोर पुन्हा आपल्याशी बोलू लागेल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

हळूहळू हात बसत गेला. पात्याला टिचकी मारायची. नीट ताणलेलं असलं तर ते तारेसारखं वाजतं. दोन्ही तळवे लाकडावर सपाट ठेवायचे. नजर पात्यावर नाही, पुढच्या रेषेवर. टोकदार वळण आलं की पुढे सरकायचं नाही, जागच्या जागी लाकूड फिरवून घ्यायचं. हे त्याला ओळखीचं वाटलं. अरुंद गल्लीत बसही तो अशीच न रेटता वळवायचा.

त्या रविवारी यंत्राचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा आला. सोंडेचं वळण अलगद पार पडलं. त्याने सुरीने टेप सोडवली आणि दोन्ही हत्ती शेजारी-शेजारी ठेवले. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून ते उलटसुलट करून पाहिले.

“वरचा कुठला नि खालचा कुठला? मला तर कळत नाही बुवा. पास झालात!”

आता बरं वाटेल म्हणून ड्रायव्हर क्षणभर थांबला. काहीच वाटलं नाही. तो हत्ती घेऊन खिडकीपाशी गेला.

“घे. तुला हवा तो घे.”

थोरलीने दोन्ही नीट पाहिले. “आणि दुसरा?”

“तिला.”

“तिला हत्ती नव्हते आवडत, बाबा.”

“असं कसं? मी आणले की दोघी…”

“मला आवडायचे. काय आणू, म्हणून तू मलाच विचारायचास. मी पुढे पळत यायचे ना! आणि मग दोन आणायचास.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पुढचा स्टॉप कुठला ते सांगावं, तसं तिने सांगितलं.

ड्रायव्हर तिथेच भुशात खाली बसला. पलीकडे कुणीतरी पॉलिश पेपर घासत होतं.

“मग तिला काय आवडायचं?”

“खेकडे.” थोरली स्टुलावरून उतरून त्याच्याजवळ बसली. “एक पाळला पण होता तिने. जिन्याखाली, फुटक्या बादलीत. तू ओरडशील म्हणून सांगितलं नाही. इतकं बोलायची ना त्याच्याशी! मला तर घाणच वाटायची.”

ड्रायव्हरने टेबलावरून एक कोरी फळी खाली ओढली आणि मांडीवर घेतली. पेन्सिलीने एक वाकडातिकडा गोल काढला. गोलाच्या पुढे त्याला काही येईना.

“खेकड्याला पाय किती असतात गं?”

थोरली बोटांवर मोजू लागली. मोजता मोजता तिने हात खाली घेतला.

“ते तिला माहीत होतं.”