वळण

मास्तरांच्या फाटकासमोर रोज कोणीतरी गाडी लावून जायचं आणि मास्तरांचं डोकं फिरायचं. शेवटी त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात पाटी लिहून टांगली: 'प्रवेशद्वारासमोर वाहने उभी करू नयेत, ही नम्र विनंती.' त्या दिवशी एकाच्या जागी दोन गाड्या लागल्या.

"नम्र विनंती कोणाला करताय?" बायको खिडकीतून म्हणाली. "वाचणारा कोण आहे ते बघून लिहावं माणसाने. झोंबलं पाहिजे."

मास्तरांनी पाटी पुसली आणि दातओठ खात नवी लिहिली: 'ज्याला बापाने वळण लावलं नाही, त्यानेच इथे गाडी लावावी.'

मात्रा बरोबर लागू पडली. आठवडाभर फाटकाकडे कोणी फिरकलं नाही. मास्तर व्हरांड्यात बसून मिशीतल्या मिशीत हसत राहिले. उभा जन्म लोकांच्या पोरांना वळण लावण्यात गेला होता. शब्द कुठे आणि कसा हाणायचा, हे त्यांना कोण शिकवणार?

रविवारी मात्र एक गाडी आली आणि थेट फाटकाला नाक लावून उभी राहिली. मास्तर काठी घेऊनच धावले.

"आंधळा आहेस का रे? एवढी मोठी पाटी वाचता येत नाही?"

काच खाली झाली. आत त्यांचा मुलगा होता, भांडून घर सोडल्यापासून ज्याने तोंड दाखवलं नव्हतं तो.

 

"वाचली ना, बाबा. माझ्यासाठी जागा राखून ठेवलीत, बरं केलंत."