मॉरिसची बॅटरी

“चार वाजायच्या आत बॅटरी सुटली पाहिजे,” वैजनाथकाका म्हणाले. “चारनंतर त्याचा भरवसा नाही.”

सोनाजीनं जुन्या मॉरिसचं बॉनेट उचललं. छावणीतल्या या बंगल्यावर तो वीस वर्षं गाडीच्या कामाला येत होता. आज मात्र तो रागातच आला होता.

मंगळवारी मुकुंदवाडीच्या नव्या वस्तीत पाच दिवसांनी टँकर आला. बायकांच्या रांगेत ही गाडी घुसली. सोनाजीच्या चुलतीनं, बानाबाईनं, नातीला ओढलं म्हणून पोर वाचली. हंडे चेपले. गाडी थांबली नाही, आणि धुरळ्यात चालवणारा कुणाला दिसला नाही.

“हिमांशूदादा आलाय का पुण्याहून?” सोनाजीनं विचारलं. हिमांशू काकांचा नातू.

“तू पान्याकडं लक्ष दे.”

“पितो का तो?”

“थेंबही नाही. घरी आला तेव्हा त्याला काही आठवत नव्हतं. बंपरला हंड्याचा पत्रा अडकला होता, त्यावरून मला कळलं.”

सोनाजी बॉनेटखाली वाकला. गाडीच्या पंपातून पेट्रोल झिरपत होतं. वास नाकात बसत होता.

“बोटातली अंगठी काढ,” काका म्हणाले. “आधी प्लस. या गाडीत अर्थिंग प्लसला आहे, म्हणजे प्लसची तार बॉडीला जोडलीय. उलटं केलंस आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी पडेल. दोघंही जाऊ.”

टर्मिनलवर पांढरा क्षार चढला होता. नट हलेना. सोनाजीनं जोर लावला, पाना सटकला आणि मायनसपासून बोटभर अंतरावर थांबला.

“सावकाश,” काका म्हणाले, पण त्यांची नजर घड्याळावर होती. पावणेचार.

दुसऱ्या खेपेला नट सुटला. प्लसची तार सोनाजीनं कापडात गुंडाळून बाजूला बांधली. मग मायनस सोडली. ॲसिड सांडू नये म्हणून बॅटरी सरळ धरून त्यानं बाहेर उचलली. शर्ट पाठीला चिकटला होता.

“ही तुझ्या दुकानात ठेव,” काका म्हणाले. “तो मागायला येईल. ओरडेल, हात जोडेल, रडेलसुद्धा. माझं नाव सांगेल. तरी द्यायची नाही.”

“नाय देणार. चुलतीची आन. पण हिमांशूदादाला मी तो लहान असताना बघितलं होतं, काका. आता वळखू कसं?”

काकांनी चष्मा काढला, सोनाजीचा खांदा धरला आणि त्याला आपल्यासमोर उभं केलं.

“हिमांशू पुण्यातच आहे. हे तोंड नीट बघून ठेव, सोनाजी. चारनंतर हाच येईल.”