मेथीवरचे ससे

मेथीचा दुसरा वाफाही गेला होता. बसवंतरावांनी गंगाखेडला राजेश्वरला फोन लावला आणि एवढंच सांगितलं, ससे पुन्हा येऊन गेले.

राजेश्वर त्यांचा एकुलता एक मुलगा, साखर कारखान्यात कामाला. गाळप जोरात असल्यानं रजा मिळत नव्हती. तरी रविवारी तो बायकोला, महेश्वरीला, घेऊन सोनपेठच्या बसमध्ये बसला. सोबत हिरव्या जाळीचा गठ्ठा होता.

घर गावाच्या कडेला. मागच्या दारी परसबाग आणि तिला लागूनच तुरीचं रान. बाग भागम्माची, राजेश्वरच्या आईची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं ती जागा कधी पडीक ठेवली नव्हती. अर्धी गल्ली वांग्याची रोपं तिच्याकडून न्यायची. कुणाच्या मिरचीची पानं आकसली की लोक आधी तिला विचारायला यायचे.

आता ती उंबऱ्यात बसून होती. जाळी बांधणाऱ्या लेकाकडे आणि सुनेकडे बघत म्हणाली, “माज्या हातचं कदी असं वाया गेलं न्हाई.”

“ससे हायत ते,” बसवंतराव म्हणाले. “तुजा काय दोस त्यात?”

चारी बाजूंनी बांबू रोवून जाळी ताणली. महेश्वरीनं खालची कड मातीत पुरून वर दगड ठेवले. भागम्मानं पुन्हा बी पेरलं. हात सवयीनं चालत होता. बी कुठं दाट नाही, कुठं विरळ नाही. संध्याकाळी जेवताना ती सुनेला हसून म्हणाली की पहिली जुडी तुझी.

मेथी बोटभर वर आली आणि पुन्हा गेली. जाळीला खालून भोक पडलं होतं.

मग ज्यानं जे सांगितलं ते करून झालं. न्हाव्याच्या दुकानातले केस आणून वाफ्याभोवती टाकले. लसूण-मिरचीचं पाणी शिंपडलं. फडफडत राहाव्यात म्हणून जुन्या साड्यांच्या चिंध्या बांधल्या. काही उपयोग झाला नाही. शेजारचे बन्सीधर एकदा बघायला आले. मेथीची ओळ साफ होती आणि तिच्या कडेचं हराळीचं गवत जसंच्या तसं उभं होतं.

“मेथी मुळासकट, अन् हराळीला तोंडबी लावलं न्हाई,” बन्सीधर म्हणाले.

बसवंतराव म्हणाले, जनावरंही आता चवीनं खायला शिकलीत. बन्सीधरांनी फास लावून देतो म्हटलं, तर ते नको म्हणाले. मुक्या जिवाची हत्या घरात नको. महेश्वरीनं माहेराहून कुत्रं आणायचं काढलं, तर भुंकण्यानं भागम्माची झोप मोडेल, म्हणाले. राजेश्वरनं कॅमेरा लावू या म्हटल्यावर त्यांनी उसाच्या भावाची गोष्ट काढली.

अप्पा थकलेत, असं राजेश्वरला वाटायला लागलं. आयुष्यभर रान सांभाळलेला माणूस, पण एवढुशा जनावरापुढं त्याचं काही चालत नव्हतं. दर फोनला आवाज आणखी खाली गेलेला असायचा. भागम्मा ताटावरून उठून जाते, रिकाम्या वाफ्याशी बसून राहते, माझ्या हाताचा गुण गेला का म्हणून विचारत राहते, असं ते सांगायचे.

पुढच्या खेपेला महेश्वरीनं सरळच सुचवलं, की आईंना एवढा त्रास होतोय तर मागच्या दारी फरशी टाकून घेऊ. बसवंतराव सुनेवर कधी चिडले नव्हते, त्या दिवशी चिडले. मग म्हणाले, “बाग बी गेली तर तिच्याजवळ काय ऱ्हाईल, पोरी?”

त्यानंतर काही दिवसांनी कारखाना दुरुस्तीसाठी बंद राहिला. राजेश्वरनं लोखंडी पिंजरा विकत घेतला आणि कुणाला न कळवता सकाळच्या बसनं निघाला. ससा जिवंत धरू आणि लांब नदीकाठी सोडून देऊ, असा त्याचा विचार होता. अप्पांनाही त्यात नाही म्हणता आलं नसतं. तूर निघून गेली होती. धसकटांतून वाट काढत तो मागच्या बाजूनं आला आणि जाळीपाशी थांबला.

भागम्मा वाफ्यात उकिडवी बसली होती. हातात खुरपं होतं. मेथीच्या ओळीवरून ती सराईतपणे पुढं सरकत होती. मूठभर रोपं उपटायची, मुळांची माती झटकायची, बाजूला टाकायची. हराळीपाशी आली की खुरपं जपून चालवायची आणि तिला मातीचा भर द्यायची.

“लय गवत माजलंय ओ,” ती म्हणाली.

“माजलंय खरं,” बसवंतराव म्हणाले. तिच्या मागं मागं सरकत ते उपटलेली रोपं गोळा करत होते.

ओळ संपल्यावर ती समाधानानं उठली आणि चहा टाकायला आत गेली. बसवंतरावांनी रोपं उकिरड्यात खोल पुरली. मग जाळीपाशी गुडघे टेकून ते तिची खालची कड फाडायला लागले. मान वर केली तेव्हा समोर राजेश्वर होता. त्यांचे हात जाळीतच राहिले.

दोघांपैकी कुणी बोलायच्या आत भागम्मा कपबशी घेऊन बाहेर आली. वाफा बघितला आणि दारातच उभी राहिली.

“अवो, आजबी आले का?”

बसवंतराव जाळीतून हात सोडवायला लागले. तिला जाळीपलीकडं लेक दिसला.

“राजा,” ती म्हणाली, “तू तरी बघितलास का रे?”

राजेश्वरनं पिंजरा खाली ठेवला.

“बघितला, आई. आत्ताच माज्या पायाजवळून पळाला.”