नळीचा जोड

बंदुकीची नळी घरामागच्या ओंडक्याला साखळीने घट्ट बांधली होती. नुसतीच नळी. दस्ता, चाप, घोडा सगळं अजून बसायचं होतं. आत दुप्पट दारू ठासली होती आणि एकीवर एक अशा दोन गोळ्या. फुटायचीच असेल तर इथे फुटू दे, उद्या कुणाच्या गालाशी नको.

म्हाताऱ्या एनॉस रॅडरने काठीच्या टोकाला पेटती वात गुंडाळली आणि काठी सुनेच्या, ऑर्लीनाच्या हातात दिली.

"तूच लाव."

ज्यूबल टिप्टन हसला. बंदूक त्याच्यासाठीच घडत होती. "काय काका, बाईच्या हाताने पेटवली की बार चांगला लागतो का?"

ऑर्लीनाने दगडी गडग्याआडून काठी लांबवली, नळीच्या बुडाजवळच्या भोकातल्या रंजकीला वात टेकवली आणि खाली बसली.

आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. कोंबड्या ओरडत पांगल्या. धूर विरला तेव्हा ओंडका हातभर मागे सरकलेला दिसला. नळी मात्र शाबूत होती.

"वा!" ज्यूबलने टोपी मांडीवर आपटली. "अख्ख्या टेनेसीत असा हात नाही, काका!"

"माझा नव्हे तो हात," एनॉस म्हणाला. "मला आता तापल्या लोखंडाचा रंगसुद्धा दिसत नाही. लोखंडी पट्टी सळीभोवती वळवून नळी केली हिने, घण मारले हिने, जोड बसवला हिने. मी शेजारी बसून मक्याची भाकरी खात होतो."

ऑर्लीनाने मान खाली घातली. नवरा वारल्यापासून भट्टी तीच सांभाळत होती. पण सासऱ्याने परक्या माणसासमोर असं म्हटलं ते आज पहिल्यांदा.

ज्यूबल एकदा नळीकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, आमच्या घरी एवढं सांगू नका हं. बायको उद्या मला गाय पिळायला बसवील."

तिघंही हसली.

आता एकच काम उरलं होतं. ऑर्लीनाने नळी धुतली, बुडाजवळच्या भोकात खुंटी ठोकली, आत पाणी भरलं आणि चिंधी गुंडाळलेला गज वरून दाबला. जोड कुठे कच्चा असला तर तिथून पाणी बाहेर येतं. पुरुष दोघे बोलत होते. ज्यूबल अस्वलाची गोष्ट सांगत होता. या पानगळीत त्या अस्वलाने त्याची दोन डुकरं नेली होती.

नळीच्या खालच्या अंगाला, जोडावर, पाण्याचा एक थेंब आला. मोहरीएवढा. तिने अंगठ्याने पुसला. पुन्हा गज दाबला. थेंब पुन्हा आला.

एनॉसला तो दिसणार नव्हता. ज्यूबलचं लक्ष नव्हतं.

"मामंजी," ती म्हणाली, "पाणी झिरपतंय."

अस्वलाची गोष्ट तिथेच राहिली. ज्यूबल उठून वाकून बघू लागला. "हे? अहो, हे तर दस्त्याच्या लाकडाखाली जाणार. दुप्पट दारू सोसली नळीने. बर्फ तोंडावर आलंय वहिनी, मला बंदूक हवीय."

"लाकडाखाली जाईल ते खरं," ऑर्लीना म्हणाली. "पण त्या लाकडाखाली तुमचा डावा हात असणार."

ज्यूबलने नकळत डावा हात खिशात घातला.

एनॉस घरात गेला आणि भिंतीवरची आपली बंदूक घेऊन आला. "तोवर ही ने. अस्वलाला काही फरक कळायचा नाही."

ज्यूबलने ती खांद्याला लावली. जाताना 'येतो' म्हणाला, पण हसला नाही. त्याची पाठ झाडांत दिसेनाशी होईपर्यंत दोघं उभी राहिली.

"तो गेल्यावर सांगितलं असतंस तर?" एनॉसने विचारलं.

"तुम्ही मला गप्प बसायला सांगितलं असतं."

म्हाताऱ्याने तोंड डोंगराकडे फिरवलं. मग म्हणाला, "सांगितलं असतं."

ऑर्लीनाने नळीतलं पाणी ओतून दिलं, नळी खांद्यावर घेतली आणि भट्टीच्या खोपटात शिरली. कोळसे पसरले, जोडाची कच्ची जागा निखाऱ्यावर आली की नाही ते पाहिलं. मागून सासऱ्याची पावलं आली. ती वळली तेव्हा म्हातारा चाचपडत भात्यापाशी पोचला होता. उभ्या जन्मात त्याने दुसऱ्या कुणासाठी भाता ओढला नव्हता.

त्याने दोन्ही हातांनी दांडा धरला.

"थांबायचं कधी," तो म्हणाला, "ते तू सांग."