कुंपणापलीकडचा माणूस

"मान वळवायची नाही," कोच ऑस्बी म्हणाले. "हात करायचा नाही. हसायचं तर मुळीच नाही."

"हसले तर काय होईल?" मारितने विचारलं.

"कॉलेजचा माणूस आहे तो. जूनच्या मध्यापर्यंत त्यांनी तुम्हा मुलांशी बोलायचं नाही, असा नियम आहे. नुसतं बघायचं. उगाच कुणी काही म्हणायला नको. तू आपली धाव."

ऑस्बी नियमांच्या बाबतीत फारच सोवळे. हायस्कूलच्या धावणाऱ्या पोरापोरींना कॉलेजच्या संघात जायचं असेल तर कुणाला कधी लिहायचं, काय बोलायचं, काय बोलायचं नाही, हे सगळं त्यांना पाठ. ते स्वतः उत्तरेच्या कॉलेजात धावलेले. मारितलाही तिथेच जायचं होतं. दुसरं काही तिला नकोच होतं.

अडचण एकच होती. शेवटच्या मैलात मारित ढेपाळायची. हेडस्ट्रॉमच्या स्ट्रॉबेरीच्या शेताला वळसा घालणारा रस्ता आला की तिचे पाय जड व्हायचे. "पाय नाही गं, मन बसतं तुझं तिथं," कोच म्हणायचे. "कुणी बघत नसलं की तू धावायची थांबतेस."

आणि मेमधल्या एका मंगळवारी त्या वळणावर कुणीतरी बघत होतं.

दर मंगळवारी सकाळी शाळेआधी ते सगळे त्या रस्त्याने धावत. सरोवरावरून धुकं यायचं. काचांवर थेंब जमायचे म्हणून मारित चष्मा काढून कोचच्या हाती द्यायची, म्हणजे उरलंसुरलं जगही पुसट व्हायचं. झाडं तरंगायची, रस्ता ढगात शिरायचा. तिला ते फार आवडायचं. झोपेत धावल्यासारखं वाटायचं, आणि झोपेत कुणी दमत नाही.

त्या धुक्यात, कुंपणापलीकडे, हिरव्या जॅकेटातला तो उंच माणूस उभा असायचा. डोक्यावर टोपी, किंचित पुढे झुकलेला. उत्तरेच्या कॉलेजचा तो हिरवा रंग तिने चष्म्याशिवायही ओळखला.

"पाहिलंस त्याला?" तिने परतताना ब्रिनला विचारलं. ब्रिन तिची संघातली मैत्रीण.

"कुणाला?" ब्रिनने कोचकडे पाहिलं. "हां, तो. पाहिलं की."

"माझ्यासाठीच येतो ना गं?"

"नाहीतर काय माझ्यासाठी? मला बघायला आमची आजीसुद्धा येत नाही."

त्या दिवसापासून मारितचं शेवटच्या मैलातलं ढेपाळणं बंद झालं. वळण जवळ आलं की पाय आपोआप उचलले जायचे. एकदा धो धो पाऊस आला, तरी तो हलला नाही. तिला भरून आलं. आपल्यासाठी इतका भिजणारा माणूस तिने पाहिला नव्हता. रात्री अंथरुणावर डोळे मिटले की तोच रस्ता दिसायचा, आणि ती स्वप्नातही मान सरळ ठेवून धावायची.

"स्ट्रॉबेरी न्या, भरपूर न्या," म्हातारा हेडस्ट्रॉम जूनच्या सुरुवातीला सगळ्यांना सांगत होता. "यंदा पाखरांनी चोच लावली नाही बघा." मारितच्या आईने टोपलीभर आणून त्यांचा केक केला.

हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत मारित पहिली आली. शेवटच्या मैलात तिने तिघींना मागे टाकलं. कोचच्या खोलीत चष्मा घ्यायला गेली तेव्हा ते पाठमोरे उभे राहून नाक शिंकरत होते. दारामागच्या खिळ्यावर नेहमी असणारं त्यांचं कॉलेजचं जुनं जॅकेट नव्हतं. उन्हाळाच लागला होता म्हणा.

मग जूनच्या मध्याची ती तारीख आली. सकाळपासून मारित फोनपाशी बसून होती. आई मुद्दाम तिच्याकडे न बघता भांडी घासत होती. फोन वाजला तेव्हा आईच्या हातातली बशी निसटली.

"उत्तरेहून बोलतेय," पलीकडची बाई म्हणाली. "इथल्या संघाची कोच. मारित, शेवटच्या मैलात तुला होतं तरी काय? अंगात येतं का गं?"

मारित हसली, मग रडायलाच लागली. शरद ऋतूत कॉलेज बघायला ये, मुक्कामाला ये, असं बाई म्हणाल्या. मारित नुसतं "हो, हो" म्हणत राहिली.

"एक विचारू?" शेवटी ती म्हणाली. "आता मी बोलू शकते ना? म्हणजे, कुणाशीही?"

"आता काय, मोकळी आहेस तू. खुशाल बोल."

तिने आईच्या केकचा मोठा तुकडा कापून डब्यात घातला. त्याचे आभार मानायचे होते, आणि एकदा तरी त्याचा चेहरा बघायचा होता. "आज मंगळवार आहे," ती आईला म्हणाली. "तो असेलच." आई पुन्हा भांडी घासायला लागली.

धुकं विरलं होतं. मारित चष्मा लावून सायकलवरून त्या वळणावर गेली. तो होता. तीच टोपी, तोच झुकलेला खांदा. तिने कुंपणावरून उडी मारली आणि डबा पुढे धरला.

"मी मारित," ती म्हणाली. "आता बोललं तरी चालतं."

वाऱ्याची झुळूक आली, हिरवी बाही हलली, आणि तिच्यातून मूठभर पेंढा गळून स्ट्रॉबेरीच्या पानांवर पडला. जॅकेटच्या छातीवर पिवळ्या धाग्याने नाव भरलेलं होतं: ऑस्बी.