दोरीची तालीम

शालिग्रामचं मागावरचं काम सुटलं तेव्हा शेठ हसून म्हणाला, "माझ्या मोटरबोटीमागं दोरी धरून, एका फळीवर उभा राहून तापी पार कर. कामावर कायम करतो तुला." सरावाला बोट कोण देतो? शालिग्रामची तालीम चाळीच्या अंगणातच चालली. गाठोडं खांद्यावर घेऊन उठाबशा, मग दोरी. एका टोकाला तो मागं रेललेला, दुसरं टोक अख्खी चाळ ओढायची. "सोडी द्या हो, दमलात!" असं बायकोनं, मंगलाबाईनं, डिवचलं की गडी मूठ आणखी आवळायचा.

रविवारी भर पात्रात फळी निसटली. बोट त्याला पाण्यातून फरफटत निघाली. काठावरून मंगलाबाई ऊर फुटेस्तोवर ओरडली, "सोडी द्या हो! दोरी सोडी द्या!"

डोकं क्षणभर वर आलं. शालिग्रामनं आवाज ओळखला, आणि मूठ आणखी आवळली.